रामशास्त्री प्रभुणे : पडद्यावरचे आणि इतिहासातले

काही माणसे मेल्यावर पुतळ्यात जातात, काही पाठ्यपुस्तकात जातात, आणि फारच थोडी माणसे बोलीभाषेत जाऊन बसतात. बाजारात एखादा व्यापारी मापात दाणाही कमी देत नसेल किंवा परीक्षेच्या हॉलवर एखादे सर कुणाचीच गय करीत नसतील, तर आपण सहज म्हणून जातो की हा रामशास्त्री बाण्याचा माणूस. म्हणणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही अर्थ कळतो. पण हे रामशास्त्री कोण, कुठले, त्यांनी नेमके केले काय, असे कुणी पुढे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांची पंचाईत होईल. माझीही झाली असती. गेल्या वर्षी इतिहासाच्या सरांनी आम्हाला प्रभात फिल्म कंपनीचा 'रामशास्त्री' हा चित्रपट दाखवला, त्या दुपारपर्यंत माझी त्यांच्याशी ओळख एवढ्या एका शब्दप्रयोगापुरतीच होती.

चित्रपट १९४४ सालचा. चित्रे कृष्णधवल, भाषा जुन्या वळणाची, संवाद पल्लेदार. सुरुवातीला मागच्या बाकांवर थोडी कुजबुज होती. बेबी शकुंतला आणि अनंत मराठे यांनी रंगवलेले लहानपणीचे जोडपे पाहून थोडे हसूही झाले. पण गजानन जागीरदारांचे रामशास्त्री राघोबादादांसमोर उभे राहिले आणि वर्ग चिडीचूप झाला. दिवे लागले तेव्हा माझ्याशेजारच्या मैत्रिणीचे डोळे ओले होते.

तेवढ्यात आमच्याबरोबर रोज इंदापूरहून एस.टी.ने येणाऱ्या एका मित्राने उठून शंका काढली. शास्त्रीबुवांनी देहांत प्रायश्चित्त सांगितले हे खरे, पण राघोबादादांनी ते घेतले कुठे? ते तर त्यानंतर दहा वर्षे जगले. मग शास्त्रीबुवांनी पुणे सोडून मिळवले काय? सर हसले आणि उत्तर न देता ग्रंथालयाच्या दिशेने बोट दाखवून निघून गेले. त्या बोटाच्या दिशेने गेल्यावर मला जे सापडले ते वाचकांपुढे ठेवते.

रामशास्त्री मूळचे सातारजवळच्या माहुलीचे. कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा जिथे संगम होतो ते हे गाव. जन्म अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशातला, घर गरिबीचे, घराणे प्रभुण्यांचे. वयाची विशी येईपर्यंत या मुलाला अक्षरओळख जेमतेम होती, असे परंपरा सांगते. साताऱ्यातल्या एका सावकाराच्या घरी तो पडेल ते काम करी. एके दिवशी मालकाला पाणी घालताना त्याची नजर मालकाच्या कानातल्या मोत्यांच्या भिकबाळीवर खिळली आणि हातातल्या पाण्याची धार भलतीकडे गेली. मालकाने सुनावले, की असली भूषणे नुसती बघून मिळत नसतात, त्यासाठी अंगी विद्या तरी लागते नाहीतर शौर्य तरी लागते. बोलणे झोंबले. मुलाने घर सोडले आणि तो थेट काशीला गेला.

ही गोष्ट जशीच्या तशी घडली की कुणी रचली, हे सांगणे कठीण. पण तिच्यातला एक भाग मात्र निर्विवाद आहे. ज्या वयात त्या काळचे ब्राह्मणाचे मूल वेदपठण संपवून शास्त्रात पारंगत झालेले असे, त्या वयात रामशास्त्र्यांनी पहिला धडा गिरवला. काशीच्या नामांकित पायगुंडे पंडितांपाशी राहून त्यांनी धर्मशास्त्राचे अध्ययन केले. महाराष्ट्रात वारसा, वाटणी, दत्तक, कर्ज या बाबींत प्रमाण मानले जाणारे 'मिताक्षरा' आणि 'व्यवहारमयूख' हे ग्रंथ त्यांना करतलामलकवत झाले. मोती मिळवायला गेलेला मुलगा विद्या घेऊन परतला आणि पुढे मोत्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. आयुष्यातली मोठी गंमत हीच म्हणायची.

१७५१ च्या सुमारास ते पुण्यात पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून रुजू झाले आणि १७५९ मध्ये न्यायाधीशाच्या जागेवर आले. तेव्हा गादीवर नानासाहेब पेशवे होते आणि मराठ्यांचा अंमल पार पंजाबपर्यंत जाऊन पोचला होता. त्याच दिवसांत आपल्या बारामतीत काय चालले होते हे ध्यानात घेतले म्हणजे तो काळ जरा जवळचा वाटू लागतो. बारामती ही नाईक-जोशी या सावकार घराण्याची. थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई या घरात दिलेली, म्हणजे नाईक पेशव्यांचे सोयरेही आणि सावकारही. १७४० मध्ये बाजीरावांच्या निधनानंतर बाबूजी नाईकांनी खुद्द पेशवाईवरच दावा सांगितला होता. याच नाईकांच्या आश्रयाला पन्हाळ्याचे मोरोपंत पराडकर आले आणि कऱ्हेकाठी बसून त्यांनी हजारो आर्या रचल्या. मोरोपंतांचा जन्म १७२९ चा आणि निधन १७९४ चे. म्हणजे मोरोपंत इथे आर्या रचीत होते, तेव्हा पुण्यात रामशास्त्री निवाडे लिहीत होते. एकाने महाभारत मराठीत आणले. दुसऱ्याच्या वाट्याला घरातलेच महाभारत निवाड्यासाठी यायचे होते.

पण न्यायाधीशाचे त्या काळचे रोजचे काम म्हणजे काही राजवाड्यातली कारस्थाने नव्हेत. ते काम होते तुमच्या-आमच्या गावच्या भांडणांचे. समजा, इंदापूर परगण्यातल्या एखाद्या गावी पाटीलकीचा तंटा उभा राहिला. दोन भाऊबंद दोन्हीकडून हक्क सांगताहेत. असा तंटा आधी गावात गोतसभेपुढे जाई. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावचे जाणते असे सगळे बसत. वादी-प्रतिवादींकडून आधीच लिहून घेत, की होणारा निवाडा आम्हांस मान्य. त्यासाठी जामीन घेत. मग जुने कागद, साक्षीपुरावे पाहिले जात आणि साऱ्यांच्या साक्षीने महजर होई. ज्याच्या बाजूने निकाल लागे तो सरकारला हरकी देई आणि जो खोटा ठरे त्याच्याकडून गुन्हेगारी वसूल होई. गावात निभावले नाही तर तंटा मामलेदाराकडे जाई, तिथून सुभेदाराकडे आणि शेवटी पुण्याला. पुण्याला तो जिथे पोचे, तिथे रामशास्त्री बसलेले असत. आपल्या इंदापूर परगण्याचे पेशवेकालीन दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही जपलेले आहे. जपानी अभ्यासकांनी ते बारकाईने वाचून त्यावर संशोधन केले आहे, आणि आम्ही मात्र पुराभिलेखागारावरून बसने जाताना खिडकीतून बाहेरही पाहत नाही.

या व्यवस्थेत एक मोठी फट होती. न्यायाधीशाला स्वतःचे शिपाई नव्हते, तुरुंग नव्हता, लिखित कायद्याचा आधार नव्हता. त्याला नेमणारा पेशवा, काढणारा पेशवा आणि निवाडा अमलात आणणाराही पेशवाच. मग तंटा पेशव्याच्या सोयऱ्याचा, सरदाराचा किंवा सावकाराचा असेल तर गरीब पक्षाने कुणाकडे पाहायचे? त्याने पाहायचे ते फक्त न्यायाधीश नावाच्या माणसाकडे. सगळा डोलारा एका माणसाच्या शीलावर उभा.

रामशास्त्र्यांनी हे पुरते ओळखले होते असे त्यांच्या राहणीवरून दिसते. त्यांच्या घरात एका दिवसाला पुरेल त्याहून अधिक शिधा ठेवायचा नाही असा नियम होता, अशी आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्यांच्या पत्नीची गोष्ट तर घराघरांत माहीत आहे. एकदा सणानिमित्त ती शनिवारवाड्यात गेली. मुख्य न्यायाधीशाची बायको इतक्या साध्या वेषात पाहून पेशव्यांच्या घरच्या स्त्रियांना संकोच वाटला. त्यांनी तिला भरजरी वस्त्रे नेसवली, दागिने घातले आणि पालखीतून घरी पाठवले. पालखी दाराशी आली तर शास्त्रीबुवांनी दारच लावून घेतले. अशी श्रीमंत बाई आपल्या घरची नव्हे, भोई घर चुकले असावेत, असे त्यांनी आतूनच सांगितले. ती काय ते समजली. वाड्यावर परत गेली, सारे उतरवून ठेवले, आपले साधे लुगडे नेसली आणि पायी घरी आली. तेव्हा दार उघडे होते.

ही गोष्ट वाचताना मला शास्त्रीबुवांचा थोडा रागही आला. सारी शिक्षा त्या बाईलाच का? तिची त्यात चूक ती काय? तिच्या मनात काय आले असेल हे ना बखरकाराने लिहिले, ना आम्ही कधी विचारले. निःस्पृह पुरुषाच्या घरातली चूल कोण सांभाळत होते, याचाही एकदा हिशेब व्हायला हवा.

दुसरी गोष्ट दक्षिणेची. श्रावणात पुण्यात विद्वान ब्राह्मणांना पेशव्यांकडून दक्षिणा वाटली जाई आणि त्या वाटपावर शास्त्रीबुवांची देखरेख असे. एकदा त्यांचा सख्खा भाऊ रांगेत आला. नाना फडणीस शेजारी होते. त्यांनी शास्त्रीबुवांचा भाऊ म्हणून वीस रुपये द्यावेत असे सुचवले. शास्त्रीबुवांनी दोनच रुपये दिले, कारण त्याच्या विद्वत्तेच्या इतरांना तेवढेच मिळाले होते. भाऊ म्हणून जे काही करायचे ते आपण आपल्या घरी करू, सरकारच्या पैशातून नव्हे, एवढे सांगून त्यांनी विषय संपवला.

१७६१ मध्ये पानिपत झाले. नानासाहेब खचून गेले आणि सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. मराठी राज्याच्या इतिहासात राजा आणि न्यायाधीश यांची अशी जोडी पुन्हा झाली नाही. माधवराव शीघ्रकोपी, पण न्यायाची चाड असलेले. मध्यंतरी त्यांना जपजाप्य, अनुष्ठाने यांचे वेड लागले. शास्त्रीबुवा कामासाठी गेले की पेशवे आसनावर मौन धरून बसलेले. शास्त्रीबुवांनी काशीला जायची तयारी केली आणि निरोप मागितला. माधवरावांनी कारण विचारले. तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले, की ब्राह्मणाचा आचार पाळायचा असेल तर राज्य सोडून आपल्याबरोबर गंगाकाठी चलावे, आणि राज्य करायचे असेल तर रयतेची गाऱ्हाणी ऐकणे हाच जप समजावा. माधवरावांनी आसन गुंडाळले. आपण पुण्याला जाताना सोलापूर रस्त्यावर थेऊरचा फाटा लागतो. तिथेच १७७२ च्या नोव्हेंबरात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, क्षयाने या पेशव्याचा अंत झाला. या प्रसंगातली एक खूण मात्र लक्षात ठेवायला हवी. सत्तेला अडवण्यासाठी शास्त्रीबुवांपाशी एकच शस्त्र होते, ते म्हणजे उठून निघून जाण्याची तयारी. शहाण्या पेशव्यावर ते चालले. पुढे गाठ पडायची होती ती वेगळ्या माणसाशी.

माधवरावांच्या मागून त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव गादीवर आला. चुलते रघुनाथराव, म्हणजेच राघोबादादा, शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. अटकेपर्यंत घोडे नेणारा हा सेनानी पेशवाईच्या हव्यासाने आधीच माधवरावांशी लढून हरला होता. ३० ऑगस्ट १७७३ चा दिवस, भाद्रपद महिना. थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी वाड्यात घुसले. सुमेरसिंग गारदी त्यांचा म्होरक्या. अठरा वर्षांचा नारायणराव धावत जाऊन चुलत्याच्या गळ्यात पडला, आणि तिथेच त्याचा खून झाला. त्याला वाचवायला आडवे पडलेले सेवकही मारले गेले. पकडावे अशा अर्थाच्या चिठ्ठीत आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' करून मारावे असे केले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. चित्रपटातल्या ललिता पवारांच्या आनंदीबाईंनी ती कथा साऱ्यांच्या मनावर आणखी ठसवली. मात्र त्या खाडाखोडीचा पक्का पुरावा इतिहासाला सापडलेला नाही. दोष एका बाईच्या लेखणीवर टाकला की चुलत्याची जबाबदारी हलकी होते, हेही विसरू नये.

रघुनाथरावांनी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे मागवली आणि ते पेशवे झाले. पुणे स्तब्ध होते. कारभारी आपापल्या वाड्यांत, सरदार आपापल्या छावण्यांत, आणि प्रत्येकजण दुसरा काय करतो इकडे डोळे लावून बसलेला. अशा वेळी शास्त्रीबुवांनी खुनाची चौकशी सुरू केली. तशी फिर्याद कुणी केली नव्हती, करायची कुणाची छातीही नव्हती. इंग्रज इतिहासकार ग्रँट डफ सांगतो, की सुमारे दीड महिना ही चौकशी चालली होती. त्या काळात ते रोज त्याच वाड्यात जात असणार, त्याच माणसांमध्ये वावरत असणार, आणि ज्याच्याकडे बोट जात होते त्याच्याच नेमणुकीखाली काम करीत असणार. भर दरबारातला तो एक क्षण चित्रपटात फार प्रभावी उतरला आहे, पण मला विचाराल तर खरे धैर्य त्या दीड महिन्याचे आहे. आवेशाच्या भरात एकदा बोलून जाणे फारसे अवघड नाही. रोज सकाळी उठून शांतपणे पुरावा गोळा करीत राहणे अवघड आहे.

चौकशी पुरी झाल्यावर त्यांनी रघुनाथरावांची गाठ घेतली. आपण पुतण्याला धरायचा हुकूम दिला होता, मारायचा नव्हे, असे रघुनाथरावांनी कबूल केले आणि या पापाला प्रायश्चित्त काय ते विचारले. दानधर्म, तीर्थयात्रा, फार तर एखादे कडक व्रत असे काही उत्तर त्यांना अपेक्षित असावे. शास्त्रीबुवांनी देहांत प्रायश्चित्त सांगितले.

या उत्तराचे वजन आज आपल्या चटकन ध्यानात येत नाही. पेशवाईत ब्राह्मणाला देहदंड नसे. त्याचे अपराध इतरांपेक्षा सौम्य मापाने मोजले जात. इथे गुन्हेगार नुसता ब्राह्मण नव्हता, तो प्रत्यक्ष राज्याचा धनी होता. शास्त्रीबुवांनी ज्या धर्मशास्त्रावर आयुष्यभर निवाडे दिले, त्यानेच उभी केलेली उच्चनीचतेची भिंत त्यांनी त्या एका वाक्यापुरती ओलांडली. आणि रघुनाथराव पेशवे आहेत तोवर आपण पुण्यात पाणीही पिणार नाही, असे सांगून ते निघाले. वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. घरात दुसऱ्या दिवसाचा शिधा न ठेवणाऱ्याला बांधाबांध करायला असा किती वेळ लागणार!

आता माझ्या मित्राच्या शंकेकडे वळते. शास्त्रीबुवा गेले, पण रघुनाथराव राहिलेच. मग मिळवले काय?

पुढच्या काही महिन्यांकडे पाहावे. ज्या पुण्यात सारे एकमेकांची तोंडे पाहत होते, तिथे आता एक गोष्ट प्रत्येकाला ठाऊक झाली होती, की राज्याच्या न्यायाधीशाने नव्या पेशव्याला खुनी ठरवले आहे. कुजबुजीला निवाड्याचे रूप आले. रघुनाथराव मोहिमेवर गेले तशी पुण्यातल्या मुत्सद्द्यांनी एकजूट केली. सखारामबापू, नाना फडणीस आणि त्यांचे साथी, ज्यांना आपण बारभाई म्हणतो, त्यांनी नारायणरावांची गरोदर पत्नी गंगाबाई हिला पुरंदरावर नेऊन तिच्या नावाने कारभार सुरू केला. वाट सोपी नव्हती. पंढरपूरजवळच्या कासेगावला मार्च १७७४ मध्ये रघुनाथरावांनी बारभाईंच्या फौजेचा पराभव केला आणि त्रिंबकराव पेठे त्यात कामी आले. तरीही लोक रघुनाथरावांच्या पाठीशी उभे राहिले नाहीत. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेला तह करून साष्टी आणि वसई द्यायलाही ते तयार झाले. सात वर्षे लढाई चालली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांनीही त्यांना सोडून दिले आणि पुढल्याच वर्षी कोपरगावी त्यांचे निधन झाले. गादी अशी त्यांना लाभलीच नाही.

हे सारे एकट्या शास्त्रीबुवांमुळे झाले असे म्हणणे वेडेपणाचे होईल. नानांची बुद्धी, महादजी शिंद्यांची तलवार, गंगाबाईंचे धैर्य, हे सारे त्यात आहे. पण तलवार उचलायला आधी बाजू ठरावी लागते. ती बाजू शास्त्रीबुवांच्या निवाड्याने ठरवून दिली. सत्ता बळकावणाऱ्याला किल्ले आणि खजिना लागतो, हे आपण जाणतो. त्याला आणखीही एक गोष्ट लागते. आपल्या आसनाशेजारी पूर्वीचाच न्यायाधीश, पूर्वीचाच कारकून, पूर्वीचाच शास्त्री बसलेला दिसावा लागतो, म्हणजे लोकांना वाटते की काही बिघडलेले नाही, सारे पूर्वीप्रमाणेच चालले आहे. शास्त्रीबुवांनी आपले आसन रिकामे केले आणि सारे बिघडले आहे हे सर्वांना दाखवले.

बारभाईंनी त्यांना मानाने परत बोलावले. ते आले, पुन्हा त्याच कामाला लागले आणि १७८९ मध्ये वारले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १७९१ मध्ये, पुण्याच्या कोतवालीच्या कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले आणि संतापलेल्या लोकांनी कोतवाल घाशीराम याला दगडांनी ठेचून मारले. विजय तेंडुलकरांच्या नाटकामुळे घाशीराम आपल्याला ठाऊक आहे. ज्या शहरात अठरा वर्षांपूर्वी पेशव्याचा न्याय पुराव्यावर झाला, त्याच शहरात आता कोतवालाचा न्याय दगडांनी झाला. एका माणसाच्या शीलावर उभा असलेला डोलारा तो माणूस गेल्यावर किती दिवस टिकणार?

आता पुन्हा चित्रपटाकडे. तो निघाला त्या १९४४ सालात देश इंग्रजांच्या ताब्यात होता. 'चले जाव'ला दोन वर्षे झाली होती आणि अनेक पुढारी अजून तुरुंगात होते. इंग्रजांच्या राज्यात सरकारविरुद्ध सरळ चित्रपट काढण्याची सोय नव्हती. याच 'प्रभात'ने १९३० मध्ये शिवाजीमहाराजांवर 'स्वराज्याचे तोरण' काढला, तर सेन्सॉरने नावावर हरकत घेतली आणि तो 'उदयकाल' या नावाने दाखवावा लागला. १९३५ मध्ये संत एकनाथांवरच्या 'महात्मा'चे असेच 'धर्मात्मा' झाले. म्हणून आपल्या बोलपटांनी इतिहासाचा आणि पुराणाचा आडपडदा घेतला. शास्त्रीबुवा पडद्यावर सत्ताधीशाला खुनी म्हणत तेव्हा काळोखात बसलेल्या प्रेक्षकाच्या मनात कोणता सत्ताधीश येत असेल, हे सेन्सॉरला कात्रीने कापता येण्यासारखे नव्हते.

इंग्रज गेले, म्हणून हा चित्रपट जुना झाला का? २५ जून १९७५ ला देशात आणीबाणी आली ती २१ मार्च १९७७ पर्यंत राहिली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, हजारो माणसे विनाचौकशी तुरुंगात गेली. अटक झालेल्या माणसाला न्यायालयाचे दार ठोठावता येते की नाही, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी, ठोठावता येत नाही, असा निर्णय दिला. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरुद्ध मत देऊन उभे राहिले. सरन्यायाधीशपदावर हक्क त्यांचा होता, पण १९७७ च्या जानेवारीत त्यांना डावलून कनिष्ठाला ते पद दिले गेले. खन्नांनी राजीनामा दिला आणि ते घरी गेले. त्या चौघांमध्ये पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते. काळाचा न्याय कसा असतो पाहा. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा तो निर्णय चुकीचा ठरवून रद्द केला आणि तसे लिहिणाऱ्या न्यायमूर्तींत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. खन्नांचे एकट्याचे मत एक्केचाळीस वर्षांनी देशाचे मत ठरले. शास्त्रीबुवांना शिपाई नव्हते, खन्नांना बहुमत नव्हते. दोघांनीही लिहायचे ते लिहिले आणि आसन सोडले.

एवढे सांगून शास्त्रीबुवांची आरती करावी असा माझा हेतू नाही. ते ज्या व्यवस्थेचे न्यायाधीश होते तिच्यात एकाच गुन्ह्याला जातीप्रमाणे वेगळी शिक्षा होती. अस्पृश्याला चावडीच्या पायरीखाली उभे राहून गाऱ्हाणे मांडावे लागे. शास्त्रीबुवांनी ती व्यवस्था मोडली नाही. ते काम पुढे महात्मा फुल्यांना आणि डॉक्टर आंबेडकरांना करावे लागले. आज आपल्याकडे संविधान आहे, न्यायाधीशाला पदाचे संरक्षण आहे, अपिलाची सोय आहे. शास्त्रीबुवांकडे यांतले काहीच नव्हते. मग आपल्याला रामशास्त्र्यांची गरज का वाटावी?

याचे उत्तर मला पुस्तकात नाही, घरात मिळाले. आमच्या अण्णांच्या जमिनीच्या वाटणीची नोंद एका कार्यालयात बरीच वर्षे अडकून होती. तिथे एक साधे कारकून होते. मागच्या तारखेची एक खोटी नोंद करा, असे त्यांना वरून सांगण्यात आले. त्यांनी केली नाही. त्यांची बदली दूर झाली, मुलांच्या शाळेचे हाल झाले. पण खोटी नोंद झाली नाही ती नाहीच, आणि म्हणून आमची खरी नोंद पुढे होऊ शकली. अण्णा अजून त्यांचे नाव निघाले की हातातले काम थांबवतात. कायदा तेव्हाही होता आणि कचेरीही होती. अडले होते ते एका माणसाच्या सहीपाशी.

मित्रमैत्रिणींनो, आज बारामतीत आणि इंदापुरात गल्लोगल्ली अभ्यासिका निघाल्या आहेत. आपल्यातली निम्मी मुले-मुली पहाटेपासून रात्रीपर्यंत तिथे बसून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. मीही करते. कुणाला तहसीलदार व्हायचे आहे, कुणाला फौजदार, कुणाला न्यायाधीश. ती खुर्ची मिळावी म्हणून आईबापांनी उसाच्या बिलातून, दुधाच्या पैशातून फी भरली आहे. खुर्ची मिळवायची कशी हे शिकवायला वर्ग आहेत, नोट्स आहेत, मार्गदर्शक आहेत. वेळ आली तर तिच्यावरून उठायचे कसे, हे मात्र कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.

शास्त्रीबुवांना ते उठणे साधले, कारण त्यांनी तयारी फार आधीपासून केली होती. एका दिवसाचा शिधा हा विरक्तीचा देखावा नव्हता, ती त्या एका दिवसाची तयारी होती. ज्याच्या घरात परत करण्यासारखे काही नाही, त्याला धाक घालायचा कशाचा? आपल्याला एका दिवसाच्या शिध्यावर राहता येणार नाही, आणि कुणी तसे राहावे असेही मी म्हणणार नाही. घरात म्हातारे आईवडील असतात, कर्ज असते, बहिणीचे लग्न असते. पण आपल्या गरजा कुठे थांबतात आणि दुसऱ्याच्या उपकाराची पालखी कुठून सुरू होते, एवढी रेघ तरी आपण नोकरीला लागण्यापूर्वी आखून ठेवायला हवी. नोकरीत गेल्यावर ती आखायला फार उशीर झालेला असतो.

माझ्या मित्राला मी हे सारे सांगितले. एस.टी. भिगवणच्या रस्त्याला लागली होती. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला की त्याची शंका फिटली नाही, फक्त बदलली आहे. शास्त्रीबुवांनी काय मिळवले हे त्याला आता कळते. पण तशी वेळ आपल्यावर आली तर आपण उठू का, हे काही कळत नाही. मलाही ते कळलेले नाही. चित्रपट संपल्यावर सरांनी उत्तर का दिले नाही, एवढे मात्र आता कळले आहे.